हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं हाती आलं तर

जुनं तांब्याचं नाणं सापडलं की घरातलं कोणीतरी लगेच चिंच भिजत घालतं. ताम्हण चिंचेनं लख्ख निघतं, मग नाणं का नाही निघणार, असा सरळ हिशेब. पण ताम्हणावर अक्षरं नसतात. नाण्याचं सगळं मोल त्या जेमतेम उठावाच्या अक्षरांत असतं. जमिनीत बराच काळ राहिलेल्या नाण्यावर तर ती अक्षरं पुष्कळदा धातूत उरलेलीच नसतात, वरच्या लाल-हिरव्या थरात असतात. तांब्याचा पृष्ठभाग हळूहळू क्षारांत बदलत गेला, आणि बदलताना त्यानं मूळ ठशाचा आकार जपला. तो थर काढला की खाली खडबडीत, गुलाबी, मुकं तांबं उरतं. म्हणून हिरवा थर म्हणजे मळ, ही समजूत आधी सोडा. कोणता हिरवा ठेवायचा आणि कोणता घालवायचा, एवढं कळलं की नव्वद टक्के काम झालं. बाकीचं काम म्हणजे बहुतेक वेळा हात आवरणं.

उदाहरणं मी मुख्यतः दोन नाण्यांची घेणार आहे: शिवराई, म्हणजे ‘राजा शिव छत्रपति’ अशी अक्षरं असलेलं मराठेशाहीतलं नाणं, आणि कंपनी सरकारचा पाव आणा. मराठी घरातल्या जुन्या डब्यातून, आजीच्या बटव्यातून किंवा देव्हाऱ्यातून निघणारं तांब्याचं नाणं बहुधा या दोहोंपैकीच एक असतं.

आधी विचारा: हे आलं कुठून?

हा प्रश्न दोन कारणांसाठी. पहिलं कारण रसायनाचं. देव्हाऱ्यातल्या नाण्यावर तेल, तूप, हळदकुंकू, पंचामृत यांची पुटं असतात. तिथला हिरवा रंग पुष्कळदा चिकट, मेणचट असतो, कारण स्निग्ध पदार्थांतली आम्लं तांब्याशी जुळून बसलेली असतात. नदीतलं नाणं वाळूनं घासलेलं, काळपट तपकिरी असतं. शेतात नांगरताना निघालेल्या नाण्यावर खतांचे क्षार असतात. कोकणातल्या किनाऱ्याजवळचं नाणं सगळ्यात संशयास्पद, कारण तिथं मीठ हवेतूनही येतं आणि मातीतूनही. तांब्याचा खरा वैरी मीठ आहे, पाणी त्याच्या खालोखाल. हे पुढे पुन्हा पुन्हा येईल.

दुसरं कारण कायद्याचं. जमिनीत दडलेला ऐवज सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दहा रुपये ही रक्कम तेव्हाची. ती वाचून हसू नका, कायदा आजही लागू आहे. संरक्षित गडकिल्ल्यांवर आणि जुन्या वसाहतींच्या जागी मेटल डिटेक्टर घेऊन फिरणं, उकरणं हा सरळ गुन्हा आहे. घरात वारशानं आलेलं नाणं बाळगायला काही अडचण नाही. पण शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्यानं पुरावस्तू ठरतं, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलानं सुटीत येऊन आजोबांच्या शिवराया बॅगेत भरून नेणं हे प्रेमापोटी असलं, तरी विमानतळावर त्याचा अर्थ वेगळा लागतो.

ओले हात लावण्याआधी नोंद

नाणं कडेनं धरायचं, अंगठा आणि तर्जनीत. तोंडावर आणि पाठीवर बोट टेकवायचं नाही. घामातलं मीठ पुरेसं असतं. खाली मऊ टॉवेल घाला, म्हणजे हातातून सुटलं तरी फरशीवर आपटणार नाही. आतून पूर्ण खनिज झालेलं नाणं बिस्किटासारखं तुटतं. वरून ते धडधाकट दिसतं, म्हणून जास्त सांभाळायचं.

तीन गोष्टी लागतात: ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा, व्हर्नियर कॅलिपर, आणि सोनारांकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग. वजन घ्या, व्यास दोन-तीन ठिकाणी घ्या (हातानं ठोकलेलं नाणं गोल नसतं), दोन्ही बाजूंचे फोटो काढा. फोटोसाठी खोलीतला मोठा दिवा बंद करून टॉर्च अगदी आडवी, नाण्याच्या पातळीत धरा. सरळ उजेडात जे नाणं सपाट हिरवं दिसतं, त्यावर आडव्या उजेडात अचानक ‘राजा’ मधला ज उठून येतो. टॉर्च चारी बाजूंनी फिरवून फोटो घ्या आणि मोबाइलवर ते कृष्णधवल करा. रंगांचा गोंधळ गेला की अक्षरं वाचायला सोपी जातात. कित्येकदा नाणं वाचण्यासाठी साफ करायची गरजच नाही, हे इथेच कळतं. कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेण्याची शाळेतली युक्ती मात्र कुजलेल्या नाण्यावर करू नका. दाबानं खपल्या निघतात.

वजनाचा उपयोग काय? कंपनीचा १८३५ चा पाव आणा यंत्रावर पाडलेला, १०० ग्रेन म्हणजे ६.४८ ग्रॅमचा. राणीच्या काळातला १८६२ पासूनचा पाव आणाही तेवढ्याच वजनाचा. तुमचा काटा ५.८ दाखवत असेल, तर सुमारे दहा टक्के नाणं झिजून वा कुजून गेलेलं आहे. १९०६ नंतरचा पाव आणा मुळात ४.८६ ग्रॅमचा आहे आणि तो शुद्ध तांब्याचा नसून काशाचा, तेव्हा सालाकडे पाहिल्याशिवाय ‘हलकं आहे म्हणजे खोटं’ असं म्हणू नका. शिवराईचं गणित इतकं नेमकं नाही. सुरुवातीच्या जड शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या, नंतरच्या हलक्या होत गेल्या, शिवाय अर्धी शिवराईही होती.

एक भ्रम इथेच दूर करू. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या हयातीतलंच नाणं, असं नसतं. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली, एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’. हाच मजकूर पुढे शाहू छत्रपतींच्या काळात, पेशवाईत, वेगवेगळ्या टांकसाळींतून शतकाहून अधिक काळ चालू राहिला. पाठीवरच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई ही नंतरची, आणि बाजारात ती भरपूर आहे. ‘शिव’ कुठे शिव, कुठे सिव, कुठे सीव असा पडलेला दिसतो. चकती ठशापेक्षा लहान असल्यानं सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच मावतात, त्यामुळे अर्धवट ‘जा’ आणि कापलेला ‘छ’ हे कुजण्याचं लक्षण नाही. ते नाणं जन्मतःच तसं आहे. झीज, अपुरा ठसा आणि कुजणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोहोंवर उपाय नाही, आणि शोधूही नका.

खोट्या नाण्यांबद्दल थोडंसं, कारण नवख्यांची मेहनत इथे सगळ्यात जास्त वाया जाते. एका बाजूला रामदरबार, हनुमान, कमळ किंवा ॐ आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’, साल १८१८ किंवा १८३९: कंपनीनं असलं नाणं कधीही पाडलेलं नाही. ही जत्रेतली टोकनं आहेत. आणि तांदूळ ओढणारं, बॅटरी बंद पाडणारं तांब्याचं नाणं लाखांत विकत घेतो म्हणणारा माणूस भेटला, तर पोलिसांचा नंबर फिरवा. साध्या तपासणीसाठी चुंबक लावून पाहा. तांबं चिकटत नाही. ओतीव नकलेवर भिंगातून बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा मेणासारख्या गोल दिसतात आणि कधी कधी कडेला जोडाची रेघ सापडते. हिरवा रंगही खोटा लावतात. तो सगळीकडे सारखा, खोलगट भागांत साचलेला आणि ॲसिटोनच्या बोळ्यावर उतरणारा असतो.

आता रंग

इथे घाई करू नका. भिंग डोळ्याला लावा, उजेड खिडकीचा घ्या.

गडद तपकिरी ते काळा, घट्ट, हलकी चमक असलेला थर म्हणजे राप. तांब्याचा ऑक्साइड. हातोहात फिरलेल्या नाण्यावर तो असतोच. हाच सगळ्यात चांगला थर. त्याला हात लावायचा नाही. घासून लख्ख केलेलं नाणं जाणकार जे नाकारतात, ते हा राप गेला म्हणून.

विटकरी लाल थर हा दुसरा ऑक्साइड, क्युप्राइट. तो बहुधा हिरव्याच्या खाली असतो आणि हिरवी खपली जिथं उडाली तिथं दिसतो. जमिनीतल्या नाण्यावर अक्षरांची खरी कड याच पातळीवर असते. लाल दिसायला लागलं की थांबायचं, ही खूणगाठ बांधा.

गडद हिरवा, कठीण, गुळगुळीत, नखानं न निघणारा थर म्हणजे मॅलाकाइट, तांब्याचा कार्बोनेट. मधूनच निळा ठिपका दिसला तर तो ॲझुराइट. दोन्ही शांत आहेत, दिसायलाही देखणे. पण मॅलाकाइटचे फोड अक्षरांवर चढून बसतात आणि मोह होतो तो त्यांचाच.

आणि मग तो चौथा. फिकट पोपटी, पिठासारखा भुरभुरीत, ठिपक्या-ठिपक्यांनी उगवलेला. काडी लावली की पूड पडते, खाली खळगा दिसतो, आणि खळग्यात कधी करड्या मेणासारखा पदार्थ. हा रोग. इंग्रजीत त्याला काशाचा रोग म्हणतात, पण तो निव्वळ तांब्यालाही होतो. करडा मेणचट पदार्थ म्हणजे क्युप्रस क्लोराइड. हवेतलं दमट पाणी आणि प्राणवायू मिळाला की त्याची पोपटी पूड होते आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते आम्ल आतलं ताजं तांबं खातं आणि पुन्हा क्लोराइड बनवतं. म्हणजे बाहेरून नवीन मीठ यायची गरज नाही. आत अडकलेलं थोडंसं मीठच पुन्हा पुन्हा वापरलं जातं, आणि दमट हवेत ठेवलेलं नाणं पोखरलं जात राहतं.

प्लॅस्टिकच्या जुन्या अल्बममधून काढलेल्या नाण्यावर पाचवा प्रकार असतो: चमकदार हिरवा, चिकट, बोटाला ओशट लागणारा थर. तो नाण्याचा दोष नाही, पीव्हीसीच्या पाकिटाचा आहे.

आणि नाणं करडं-पांढरं, आकारमानाच्या मानानं फार जड, वर पांढरी पूड असं असेल, तर ते तांबं नव्हेच. सातवाहनांची शिशाची नाणी महाराष्ट्रात सापडतात. त्यांना या लेखातलं काहीही करू नका. हात धुवा, मुलांपासून दूर ठेवा आणि जाणकाराला दाखवा. शिशाची पूड विषारी असते.

संशय असेल तर कापसाची चाचणी

पोपटी ठिपका जुना, थंडावलेला आहे की जिवंत, हे डोळ्यांना नेहमी कळत नाही. झाकण घट्ट बसणारी काचेची बरणी घ्या. तळाशी डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेला कापूस ठेवा, त्यावर उलटी वाटी, आणि वाटीच्या बुडावर नाणं. कापूस नाण्याला लागता कामा नये. ठिपके असतील तिथला मोठा फोटो आधी काढून ठेवा. एक ते दोन दिवसांनी काढून फोटोशी ताडून पाहा. ताजी पोपटी पूड उगवली असेल किंवा ठिपक्यावर ओलसर हिरवट थेंब आला असेल, तर रोग चालू आहे. काही बदल नसेल तर सुटलात. चाचणी संपली की नाणं त्याच दिवशी कोरडं करा. निरोगी नाण्यावर ही चाचणी उगाच करत बसू नये.

धुणं

माती लागलेल्या पण निरोगी नाण्यासाठी डिस्टिल्ड पाणी पुरतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन, बोअरच्या पाण्यात क्षार, दोन्ही नकोत. बॅटरीसाठी मिळणारं पाणी चालतं, पण बाटलीवर नीट वाचा, त्याच दुकानात बॅटरीचं आम्लही विकतात. काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाटीत एका वेळी एकच नाणं ठेवा. स्टीलची वाटी नको आणि वाटीत दुसरं नाणंही नको; दोन धातू एका पाण्यात आले की एकाच्या जिवावर दुसरं तगतं. रोज पाणी बदला. घरात आरओच्या पाण्यासाठी टीडीएस मीटर असेल, तर तो इथे फार कामाचा: ताज्या डिस्टिल्ड पाण्यात आकडा जवळजवळ शून्य दिसतो, दुसऱ्या दिवशी वाटीतला आकडा वाढलेला दिसतो. तेवढे क्षार बाहेर आले. कोणते क्षार ते मीटर सांगत नाही, पण रोजचा आकडा उतरत जाऊन जवळपास स्थिरावला की भिजवणं थांबवायला हरकत नाही.

तेलकट किंवा पीव्हीसीचा चिकटा असेल तर शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे. त्यात तेल, रंग, वास काय काय असतं. काचेचीच वाटी, उघडी खिडकी, आणि जवळपास गॅस, उदबत्ती, निरांजन काही नको. ॲसिटोनच्या वाफा झपकन पेट घेतात. देव्हाऱ्यातल्या नाण्याचं कुंकू-तेलाचं पुट यात बऱ्यापैकी मऊ पडतं. ते मऊ सुती बोळ्यानं टिपायचं, घासायचं नाही.

पाण्यातून काढलेलं नाणं टिश्यू कागदावर टिपा, मग ॲसिटोनमध्ये बुडवून काढा, म्हणजे खळग्यांतलं पाणी ओढलं जातं. नंतर टेबल लॅम्पच्या कोमट उजेडात तासभर ठेवा. ओलसर नाणं पाकिटात घालणं हे न धुण्यापेक्षा वाईट.

ऑलिव्ह तेलात महिनोन्महिने बुडवून ठेवण्याची पद्धत अजूनही सुचवली जाते. तेलातली आम्लं हळूहळू राप खातात आणि तेल छिद्रांतून पूर्ण कधीच निघत नाही. मला ती पद्धत पटत नाही. मिठाच्या पाण्यात चार्जरच्या तारा सोडून इलेक्ट्रॉलिसिस करणं तर त्याहून वाईट: नाण्यावरचं सगळं एका तासात निघतं, अक्षरांसकट, आणि वर मिठाचा पुरवठा होतो. लिंबू-मीठ, व्हिनेगर-मीठ, आमसूल-मीठ हेही त्याच रांगेतले. आम्ल राप काढतं, मीठ आत शिरतं, नाणं चार दिवस केशरी चमकतं आणि पावसाळ्यात पोपटी ठिपके येतात. भांडी घासायची पावडर, राख, तारेची घासणी, टूथपेस्ट यांबद्दल वेगळं सांगायला नको.

काटा आणि संयम

धुऊन वाळवल्यावरही अक्षरांवर मातीचा कठीण गोळा बसलेला असेल, तर तो यांत्रिक पद्धतीनं, म्हणजे हातानं काढायचा. सुई नको, निदान सुरुवातीला तरी नको. पोलाद तांब्यावर ओरखडे काढतं. बांबूची तासलेली काडी किंवा बाभळीचा वाळलेला काटा घ्या. दोन्ही तांब्याहून मऊ आणि मातीला पुरेसे कठीण.

नाणं टॉवेलवर, भिंग स्टँडवर, टॉर्च आडवी. ज्या अक्षराची कड आधीच दिसते आहे तिथून सुरुवात करा. शिवराईवर ‘राजा’ मधला काना साधारण सरळ आणि उंच असतो. त्याच्या कडेनं काटा धरून बाहेरच्या बाजूला, म्हणजे अक्षरापासून मोकळ्या जागेकडे माती रेटायची. अक्षरावर चढून खरवडायचं नाही. माती दाण्यादाण्यानं सुटते, तिचा रंग मातकट असतो. हिरवे दाणे पडायला लागले की तुम्ही मातीतून मॅलाकाइटमध्ये शिरलात. लाल दिसलं की थांबा. खळग्यात माती राहिली तर राहू द्या. पार्श्वभूमी थोडी मातकट असली की अक्षरं उलट जास्त उठून दिसतात. एका बैठकीत अर्धं अक्षर मोकळं झालं तरी पुष्कळ झालं, कारण डोळे दमले की हात जड होतो आणि खपली तेव्हाच उडते.

मॅलाकाइटचा फोड मात्र नवख्यानं सोडून द्यावा. फोडाखाली अक्षर शाबूत असेलच असं नाही, बहुतेकदा फोडाबरोबरच ते वर गेलेलं असतं.

रोगी नाण्याचं काय

ते आधी वेगळं करा. रोग हवेतून उडी मारून शेजारच्याला लागतो असं नाही, पण क्लोराइडची पूड शेजारच्या नाण्यावर सांडायला नको.

मग भिंगाखाली काडीनं पोपटी पूड जेवढी सुटते तेवढी काढा आणि कागदासकट फेकून द्या. इथं हात आखडू नका. ही पूड जपण्यासारखी नाही, तिच्याखाली अक्षर नाही, खळगा आहे. खळगा मोठा झालेला दिसला तरी घाबरू नका, तो आधीच झालेला होता.

यानंतर दोन वाटा. पहिली कोरडी: सुमारे ४२ टक्क्यांखाली आर्द्रता ठेवली की ही प्रतिक्रिया जवळजवळ थांबते. नाणं लॅम्पखाली पूर्ण वाळवून हवाबंद डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसह ठेवा, डबा कसा भरायचा ते पुढे येतंय. मीठ आतच राहतं, पण त्याला पाणी मिळत नाही. नवख्यानं हीच वाट धरावी असं माझं मत आहे. काही बिघडत नाही, कधीही मागे फिरता येतं.

दुसरी ओली: सोडियम कार्बोनेट आणि सोडियम बायकार्बोनेट यांचं सौम्य द्रावण, क्लोराइड बाहेर खेचणारं. एक लिटर डिस्टिल्ड पाण्याला प्रत्येकी साधारण ५ ग्रॅम. प्रयोगशाळेला साहित्य पुरवणाऱ्या दुकानातलं निर्जल कार्बोनेट घ्या. किराणा दुकानातल्या धुण्याच्या सोड्यात काय मिसळलेलं असतं ते सांगता येत नाही. दर आठवड्याला द्रावण बदलायचं, आणि हे कित्येक आठवडे, कधी महिने चालतं. द्रावण निळं दिसू लागलं तर तुमचा चांगला हिरवा थरही विरघळतोय. नाणं काढून घ्या. संपल्यावर डिस्टिल्ड पाण्यात तितक्याच चिकाटीनं धुवावं लागतं, नाहीतर सोडाच आत राहतो. ही वाट दुर्मीळ नाण्यावर पहिल्यांदा चालून पाहू नका. गुळगुळीत झालेला एखादा पाव आणा घ्या.

संग्रहालयातले संवर्धक बेन्झोट्रायाझोल वापरतात. ते तांब्यावर संरक्षक पापुद्रा धरतं. ते त्वचेला आणि श्वासाला त्रासदायक असतं, त्याला वाफा बाहेर ओढून टाकणारं प्रयोगशाळेतलं कपाट आणि हातमोजे लागतात. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते करू नये.

मेण लावायचं का?

सूक्ष्मस्फटिकी मेण, म्हणजे संवर्धक वापरतात ते, निरोगी आणि खडखडीत कोरड्या नाण्यावर अगदी पातळ लावून मऊ कापडानं पुसलं तर चांगलं. हात लागणाऱ्या नाण्यांना त्याचा उपयोग होतो. रोगी नाण्यावर मेण म्हणजे झाकलेली जखम, आत काम चालूच राहतं. खोबरेल तेल, पारदर्शक नेलपॉलिश, फर्निचरचं वॉर्निश यांतलं काही नको.

ठेवायचं कसं, आणि पावसाळा

जुलैत मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. देशावर पावसाळ्यात थोडी कमी, पण ४२ च्या कितीतरी वर. तेव्हा उघड्या कपाटातला अल्बम कितीही महागडा असला तरी जून ते सप्टेंबर नाणी दमट हवेतच असतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात मात्र हवा आपोआप इतकी कोरडी होते की डब्याची फिकीर नसते.

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची सोय: चार बाजूंनी क्लिप लागणारा, रबराची कड असलेला पॉलिप्रॉपिलीनचा खाद्यपदार्थांचा डबा. त्यात छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणि कापडी पिशवीत सिलिका जेल. नारिंगी दाण्यांचं घ्या, ते ओलं झालं की रंग बदलतं. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. रंग बदलला की दाणे ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवा आणि थंड झाल्यावर परत घाला. मापक ४० च्या खाली आला पाहिजे, ३५ आला तर उत्तम.

प्रत्येक नाणं स्वतंत्र पाकिटात. पाकीट पॉलिएस्टरचं किंवा आम्लरहित कागदाचं असावं. वाकवल्यावर मऊ लागणारं आणि नवीन चपलेसारखा वास येणारं प्लॅस्टिक पीव्हीसीचं असतं. ते आजच बाहेर काढा. रबरबँडमधल्या गंधकानं तांबं काळं पडतं, लोकरी कापडानंही. नव्या प्लायवूडच्या खणातून आम्लाच्या वाफा येत राहतात. पाकिटावर पेन्सिलनं वजन, व्यास, कुठून आलं आणि काय केलं ते लिहा. ‘काय केलं’ हे सगळ्यात आधी विसरलं जातं, आणि पुढच्या माणसाला तेच लागतं.

वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीच्या सुमारास, डबा उघडून जुन्या फोटोशी प्रत्येक नाणं ताडा. लक्ष्मीपूजनाला नाणी बाहेर काढायची असतील तर काढा, फक्त पंचामृत आणि ओलं कुंकू त्यांच्यावर घालू नका. पाकिटातल्या पाकिटात पूजा केली तर लक्ष्मीची तक्रार असल्याचं ऐकिवात नाही.

विकायचं ठरलं तर साफ न करता दाखवा. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात केशरी चमकणाऱ्या शिवराया ढिगानं पडलेल्या दिसतील; त्यांचा भाव आणि राप शाबूत असलेल्या शिवराईचा भाव विचारून पाहा, फरक लगेच कळेल. आणि नाणं वेगळंच निघालं, लिपी ओळखू येईना, किंवा एकाच ठिकाणी पुष्कळ नाणी एकत्र सापडली, तर काहीही धुऊ नका. एकमेकांना चिकटलेली नाणी सुटी करू नका, ज्या मडक्यात होती त्याची खापरंही फेकू नका. ढीग तसाच ठेवून जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. नुसतं ओळखून घ्यायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. आडव्या उजेडातले फोटो, वजन आणि व्यास एवढं आधी पाठवलंत तर नाणं घेऊन जायची वेळही कदाचित येणार नाही.